जुन्या ब्लूज-रॉक शोंच्या तारखा आणि सेटलिस्ट जुळवूया : ऑलमन ब्रदर्स, क्रीम, झेपेलिन आणि मुंबई १९७२

रीळवाला

नमस्कार मंडळी. इथे ब्लूज-रॉक ऐकणारे बरेच जण आहेत हे गाण्यांच्या धाग्यांवरून कळतंच, पण हा धागा कुठला शो नक्की कधी झाला आणि त्यात काय काय वाजलं हे नीट लावण्यासाठी काढतोय. आपल्या सगळ्यांच्या हार्ड डिस्कवर 'फिलमोर ७१', 'क्रीम लाइव्ह ६८' असल्या नावाचे फोल्डर पडलेत, कोणीतरी कोणाकडून तरी घेतलेले, त्याआधी ते कॅसेटवर होते, त्याआधी रिळावर, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी लेबल आपल्या मनाने लिहिलंय. मग एकाच रात्रीचं गाणं तीन तारखांखाली सापडतं आणि तीन वेगळ्या रात्री एकाच तारखेत कोंबलेल्या असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठलीही तारीख मानायची तर तिला एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार पाहिजेत. म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात आणि टेपवरचं बोलणं, किंवा बँडचा त्या आठवड्यातला प्रवास आणि छापून आलेलं परीक्षण. रेकॉर्डच्या कव्हरवर लिहिलंय हा आधारच नाही.

कव्हरचं का म्हणतो ते सांगतो. क्रीमचा 'व्हील्स ऑफ फायर', १९६८ चा डबल अल्बम. त्यातली दुसरी तबकडी 'लाइव्ह अ‍ॅट द फिलमोर' म्हणून विकली गेली आणि पिढ्यान् पिढ्या लोक तेच म्हणत आले. प्रत्यक्षात त्या तबकडीवरचं एकच गाणं फिलमोरचं आहे, जिंजर बेकरचं 'टोड', ७ मार्च १९६८ चं. 'ट्रेनटाइम' ८ मार्चचं, 'क्रॉसरोड्स' आणि 'स्पूनफुल' १० मार्चची, आणि ही तिन्ही विंटरलँडची! सॅन फ्रान्सिस्कोतच, बिल ग्रॅहमच दोन्हीकडे शो लावायचा, पण हॉल वेगळा, आवाजाचा घुमारा वेगळा. एरिक क्लॅप्टनचा तो चार मिनिटांचा 'क्रॉसरोड्स' गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने घासलेला असतो, निदान तो कुठे वाजला ते तरी बरोबर लिहूया.

तुमच्याकडे जे असेल ते टाका.

सांगलीचा_स्लाइड

वाचतोय. भारी विषय. ऑलमन ब्रदर्सवर कोणीतरी सविस्तर लिहा राव, मार्च ७१ च्या फिलमोर ईस्टचा माझा तर पार गोंधळ आहे. कुठे ११-१२-१३ लिहितात, कुठे नुसतं १२-१३.

मीनल_ठाणे

एक प्रश्न, खरंच जाणून घ्यायचंय म्हणून विचारते. गाणं तेच, वाजवणारे तेच, मग १२ तारीख की १३ याने ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

रीळवाला

मीनलताई, पडतो, आणि ऑलमन ब्रदर्सच्या बाबतीत तर खूपच पडतो. त्यांचा गिटारवाला ड्युएन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय अवघं २४. त्या मार्चपासून मोजलं तर जेमतेम साडेसात महिने. त्याच्या पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला बास वाजवणारा बेरी ओकली, तोही मोटरसायकलवर, तोही मेकनमध्ये, तोही २४ चाच. म्हणजे मूळ सहा जणांची ती बैठक किती थोडा काळ होती बघा. हे लोक रोज तेच गाणं वेगळं वाजवायचे, 'एलिझाबेथ रीड' एका रात्री एक रस्ता पकडायचं आणि दुसऱ्या रात्री भलताच. आपल्याकडे आपण म्हणतोच ना की अमुक बुवांचा मारवा सवाईतला वेगळा आणि दादरच्या मैफलीतला वेगळा, आणि ज्याने ऐकलाय तो वर्ष सांगतो. तसंच आहे हे. तारीख कळली की आदल्या रात्री काय वाजवलं होतं आणि आज काय बदललं हे ऐकू यायला लागतं.

बॉटलनेक

फिलमोर ईस्टचं मी लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा शो आहे.

आधी जागा. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचं जुनं थिएटर, बिल ग्रॅहमने ८ मार्च १९६८ ला चालू केलं आणि २७ जून १९७१ ला बंद केलं. एका रात्रीत साधारण दोन शो, पहिला आठला आणि दुसरा साडेअकराला. हे दोन शो नीट लक्षात ठेवा, निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

मार्च ७१ ची जाहिरात ११, १२ आणि १३ मार्चची, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मुख्य नाव जॉनी विंटरच्या बँडचं, जोडीला एल्विन बिशप ग्रुप, आणि ऑलमन ब्रदर्स चक्क जादा आकर्षण म्हणून. 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' या लाइव्ह अल्बमसाठी निर्माता टॉम डाउडने बाहेर गाडीत सोळा ट्रॅकचं मशीन लावून जे रेकॉर्डिंग केलं त्यातलं १२ आणि १३ चं, दोन्ही दिवसांचे दोन-दोन असे चार शो, २०१४ च्या सहा सीडींच्या संचात पूर्ण मिळतं. म्हणून जाहिरात बघणारा ११ पासून मोजतो आणि संच ऐकणारा १२ पासून. सांगलीकर, तुमचा गोंधळ इथून आलाय. त्यामुळे कुठल्या टेपवर '११ मार्च' लिहिलेलं दिसलं तर आधी ती या चार शोंशी ताडून बघायची, सोलोतल्या एक-दोन जागा जुळल्या तरी लगेच कळतं, कारण हे लोक सोलो दोनदा सारखा वाजवत नसत.

जाहिरातीतला क्रमही पुढे टिकला नाही हं. या तिघांतल्या शेवटच्या रात्रीपर्यंत, म्हणजे १३ पर्यंत, ऑलमन ब्रदर्सच शेवटी वाजवायला लागले होते. म्हणजे जाहिरात हा शो होण्याआधी छापलेला वायदा आहे, पुढे काय घडलं ते तिला माहीत नसतं.

आता मजा बघा. 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' ची शेवटची बाजू म्हणजे 'व्हिपिंग पोस्ट', तेवीस मिनिटं. संपताना टाळ्यांत आवाज कमी कमी होत जातो तेव्हा कान देऊन ऐका, पुढच्या गाण्याचे पहिले सूर चालू झालेले असतात. ते 'माउंटन जॅम' चे आहेत. आणि 'माउंटन जॅम' कुठे आलं? पुढच्या वर्षीच्या 'ईट अ पीच' वर, ते ३३ मिनिटांचं, दोन बाजूंवर तोडून. दोन वेगळे अल्बम, मध्ये ड्युएनचा मृत्यू, पण त्या रात्री ही दोन गाणी एकमेकांना लागून वाजली होती, एका दमात. हे १३ मार्चच्या दुसऱ्या शोचं. मिनिटांची बेरीज केली तर तासभर थांबलेच नाहीत म्हणा ना. त्यानंतर एल्विन बिशप स्टेजवर आला आणि 'ड्रंकन हार्टेड बॉय' झालं. त्या शोच्या आधी बॉम्बची धमकी आली होती त्यामुळे सुरू व्हायलाच उशीर, आणि संपला तेव्हा पहाटेचे सहा वाजत आले होते. म्हणजे काटेकोर बोलायचं तर लोक ज्याला १३ मार्चची रेकॉर्डिंग म्हणतात ती १४ च्या पहाटेची आहे.

'ईट अ पीच' वरचं 'वन वे आउट' मात्र मार्चचं नाही, ते २७ जूनचं, थिएटर बंद झालं त्या रात्रीचं. एकाच अल्बमवर एकाच थिएटरची गाणी, मध्ये साडेतीन महिने.

सांगलीचा_स्लाइड

आता कुठे डोक्यात शिरलं. बॉटलनेक, धन्यवाद! आणि कव्हरवरचा तो फोटो? विटांच्या भिंतीपुढे पेट्या रचून बसलेत, तो तरी थिएटरच्या मागचा आहे ना?

बॉटलनेक

नाही. तो मेकनचा आहे, जॉर्जियातला, त्यांच्या घरच्या गावचा. जिम मार्शलने काढलेला. फोटो पाहून "त्या रात्री त्यांनी असे कपडे घातले होते" वगैरे लिहिणारे भेटतात, त्यांना हे सांगत चला.

आणि गाणी छाटलेली असतात हेही धरून चाला. 'स्टॉर्मी मंडे' मध्ये थॉम डूसेटचा हार्मोनिकाचा सोलो होता, मूळ अल्बममध्ये तो कापला, १९९२ च्या आवृत्तीत परत आला. त्यामुळे तुमच्या टेपवरचं गाणं अल्बमपेक्षा लांब आहे एवढ्यावरून ते दुसऱ्या रात्रीचं ठरत नाही.

तबलजी_रॉकवाला

टेपवर शो पहिला की दुसरा हे कसं ओळखता? माझ्याकडच्या काही फाइलींवर नुसती तारीख आहे.

रीळवाला

काही गोष्टी हमखास बघतो मी. पहिला शो वेळेत संपवावा लागतो कारण हॉल रिकामा करून पुढचे लोक आत घ्यायचे असतात, म्हणून लांबच्या लांब जॅम (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) आणि पाहुणे बहुतेक दुसऱ्या शोमध्ये. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार लावताना बोलतात ते कापू नका, लोक कंटाळवाणं म्हणून कापतात आणि तिथेच सगळा पुरावा असतो, कोणी उशिराबद्दल बोलतं, कोणी आधी वाजवून गेलेल्या बँडचं नाव घेतं आणि त्या नावावरून जाहिरात शोधता येते.

मग वार. लेबलवर 'शनिवार १२ मार्च ७१' असेल तर वार किंवा तारीख यातलं एक चूक आहे, १२ ला शुक्रवार होता. साधी गोष्ट आहे पण यात किती टेपा सापडतात!

रिळाची लांबी हाही पुरावा. १२०० फुटांचं रीळ सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाने ३२ मिनिटं चालतं, १८०० फुटांचं ४८ मिनिटं. गाणं तेवढ्यावर तुटलं असेल तर ते रीळ संपल्यामुळे, बँड थांबला म्हणून नव्हे. आणि तुटल्यानंतर जे लागतं ते त्याच रात्रीचं आहे का हे वेगळं तपासायचं, कारण मागच्या कोणीतरी दुसऱ्या रात्रीचा तुकडा जोडलेला असू शकतो.

हम_पन्नास

वेगाबद्दल थोडी भर घालतो, मी ध्वनीचं काम करतो. जुन्या टेपा वेगाने किंवा हळू कॉपी झालेल्या असतात, मग सूर चढतो किंवा उतरतो आणि लोक म्हणतात "त्या रात्री अर्धा सूर खाली लावून वाजवलं". आधी विजेचा गुंजारव शोधा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ५० ची. अ‍ॅम्प आणि मशीन यांच्यातून तो आवाज टेपवर उतरतो. अमेरिकेतल्या शोच्या टेपवर तो ६२ च्या आसपास दिसला तर टेप वेगाने चाललीय, खाली आणा, सूर आपोआप जागेवर बसतो. फक्त एक काळजी, मधल्या कॉपीत दुसऱ्या देशातला गुंजारव वरून चढलेला असू शकतो, तेव्हा दोन रेषा दिसतात, त्यातली खालच्या थराची कुठली हे बघावं लागतं.

मीनल_ठाणे

हे सगळं वाचून मी काल 'व्हिपिंग पोस्ट' चा शेवट हेडफोन लावून ऐकला. ते सूर खरंच आहेत! इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं तिथे.

रीळवाला

ताई, वा! आता लगेच 'ईट अ पीच' लावा आणि दोन्ही जोडून ऐका.

प्रवासावरून तारीख कशी लागते त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण देतो. फ्लीटवूड मॅक, पीटर ग्रीन असतानाचा, म्हणजे खरा ब्लूजवाला. १९७० च्या सुरुवातीला अमेरिकेत होते. ३० आणि ३१ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सच्या वेअरहाउसमध्ये ग्रेटफुल डेड या बँडबरोबर, तिथेच डेडवाल्यांना पोलिसांनी ड्रग्जसाठी पकडलं, म्हणून १ फेब्रुवारीला खर्चासाठी जादा शो झाला. मग ५, ६, ७ फेब्रुवारीला बॉस्टन टी पार्टी या नावाचा हॉल, त्या तीन रात्रींची रेकॉर्डिंग आज आपण सगळे ऐकतो. आणि ११ फेब्रुवारीला न्यूयॉर्कला फिलमोर ईस्टमध्ये ग्रेटफुल डेडच्या शोत पीटर ग्रीन आणि मिक फ्लीटवूड स्टेजवर, ड्युएन आणि ग्रेग ऑलमनही. न्यू ऑर्लिन्स, बॉस्टन, न्यूयॉर्क, रस्ता बरोबर लागतो, दिवसही पुरतात. आता कोणी ६ फेब्रुवारीची न्यूयॉर्कची टेप म्हणून पीटर ग्रीन द्यायला आला तर ऐकायच्या आधीच सांगता येतं की नाही, त्या रात्री तो बॉस्टनला होता.

त्याच आठवड्यात, ११, १३ आणि १४ फेब्रुवारीला, ऑलमन ब्रदर्सही त्याच थिएटरात होते आणि डेडचा साउंडवाला ऑस्ली स्टॅन्ली, ज्याला सगळे बेअर म्हणायचे, त्याने ते टेप करून ठेवलं. 'एलिझाबेथ रीड' चं सगळ्यात जुनं माहीत असलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग त्यातलंच. म्हणून '१९६९' लिहिलेल्या टेपवर ते गाणं निघालं तर त्या लेबलावर लगेच संशय घ्यायचा.

कुलाबा_कॉजवे

सगळं पटतंय, पण ज्या शोची टेपच नाही त्याचं काय? लेड झेपेलिनचा २० जानेवारी १९६९ चा व्हीटन यूथ सेंटरचा शो घ्या, मेरीलँडमधला. ना पोस्टर, ना तिकीट, ना फोटो, ना टेप. फक्त लोकांच्या आठवणी, की आम्ही तिथे होतो, पन्नासेक माणसं होती. जेफ क्रुलिकने या एका प्रश्नावर अख्खा माहितीपट केला. तुमच्या दोन आधारांच्या नियमाने तो शो झालाच नाही म्हणायचं का?

बॉटलनेक

मी तरी यादीत घालणार नाही. पन्नास वर्षांनी माणसं एकमेकांचं ऐकून आठवतात.

कुलाबा_कॉजवे

मला हे पटत नाही. त्या आठवणीला एक खुंटी आहे, तो दिवस म्हणजे रिचर्ड निक्सनच्या शपथविधीचा. वॉशिंग्टनच्या बाजूलाच राहणाऱ्या पोरांना तो सोमवार लक्षात राहणारच. आणि रस्ताही बघा, १७ ते १९ जानेवारी डेट्रॉइटचा ग्रँडी बॉलरूम, २३ ते २६ बॉस्टन टी पार्टी. मधले दिवस मोकळे आणि वॉशिंग्टन काही फार आडवाटेला नाही. शिवाय तेव्हा यांना ओळखत कोण होतं? पहिला अल्बम नुकताच येत होता. आदल्या ३० डिसेंबरला स्पोकेनमध्ये गोंझागा युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये वाजवलं तेव्हा जाहिरातीत नाव 'लेन झेफ्लिन' छापलं होतं! अशा बँडच्या सोमवारच्या शोचं पोस्टर कोण जपून ठेवणार.

रीळवाला

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे म्हणून मी अशा शोंसाठी वेगळा रकाना ठेवतो, 'आठवणींवर आधारित'. तारीख लिहायची, सेटलिस्ट कोरी ठेवायची. त्या आठवड्यात इतरत्र जे वाजवलं ते उचलून इथे भरायचं नाही. एकदा कोणी अंदाजाने भरलं की चार जण कॉपी करतात आणि पाचवा त्यालाच पुरावा म्हणतो. स्पोकेनचं बरं आहे, तिथली टेप आहे, त्यांची सगळ्यात जुनी माहीत असलेली.

तबलजी_रॉकवाला

झेपेलिनचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं बोला ना कोणीतरी! त्यांचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले हे आमच्या काकांच्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो, पण कोणी मार्च म्हणतं कोणी ऑक्टोबर.

कुलाबा_कॉजवे

हे माझ्या गल्लीतलं प्रकरण, सांगतोच.

वर्ष १९७२ यावर वाद नाही. मार्च की ऑक्टोबर हा वाद का झाला, तर दोन्ही वेळा ते पूर्वेकडे आलेले होते. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, १६ ला पर्थ ते २९ ला ब्रिस्बेन. त्याआधी सिंगापूरने तर लांब केसांमुळे विमानातून उतरूच दिलं नव्हतं. आणि ऑक्टोबरमध्ये जपान, २ तारखेला टोकियोचा बुडोकान ते १० ला क्योटो. ऑस्ट्रेलियाहून परत जाताना मुंबई वाटेवर, जपानहून परत जातानाही वाटेवर. त्यामुळे नुसत्या प्रवासावरून लागत नाही. गाण्यांवरूनही लागत नाही, कारण इथल्या वादकांबरोबर जी रेकॉर्ड केली ती 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', एक १९७० च्या अल्बमवरचं, दुसरं १९७१ च्या, म्हणजे दोन्ही मार्चच्या आधीचीच.

मग वर्षानुवर्षं बूटलेगवर, म्हणजे परवानगीशिवाय निघालेल्या रेकॉर्डींवर, मार्च छापलं गेलं आणि पुस्तकांनी ते उचललं. २०१५ ला त्यांच्या 'कोडा' अल्बमची नवी आवृत्ती आली त्यात ही दोन्ही रेकॉर्डिंग पहिल्यांदा अधिकृतपणे निघाली, बॉम्बे ऑर्केस्ट्रा या नावाने, आणि तारीख ऑक्टोबर १९७२. स्लिप डिस्कचा प्रकार त्याच मुक्कामातला, इथलेच बास आणि ड्रम वाजवणारे बरोबर घेऊन. एवढा मोठा बँड, अमेरिकेत स्टेडियम भरवणारा, आणि इथे एका डिस्कोथेकमध्ये थोडक्या लोकांसमोर. मला आजही त्या रात्रीची सेटलिस्ट मिळावी असं फार वाटतं.

मीनल_ठाणे

तिथे असलेली माणसं आज सत्तरी ओलांडलेली असतील ना? आताच विचारायला हवं त्यांना, अजून दहा वर्षांनी कोण सांगणार.

रीळवाला

अगदी. आणि विचारताना "कुठली गाणी वाजवली" असं थेट विचारू नका, माणूस त्याला आवडणारी गाणी सांगतो. त्या दिवशी बाकी काय केलं, बरोबर कोण होतं, पाऊस होता का, नवरात्र-दिवाळी झाली होती का, कॉलेज चालू होतं का असं विचारा. मार्च असेल तर परीक्षा आठवेल. गाणी आपोआप येतील आणि जी नाही येणार ती नाही. कोणाच्या माळ्यावर 'जेएस' (ज्युनिअर स्टेट्समन) या नियतकालिकाचे त्या वर्षीचे अंक असतील तर कृपया फोटो टाका, रॉकबद्दल तेव्हा आपल्याकडे सगळ्यात जास्त तेच छापायचे.

सांगलीचा_स्लाइड

मी पुढच्या महिन्यात कामासाठी मुंबईत आहे, एशियाटिकच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला बसू शकतो. नेमके कुठले दिवस बघू?

कुलाबा_कॉजवे

क्योटो १० ला मंगळवारी झालं, म्हणजे ११ ऑक्टोबरपासून महिनाअखेरपर्यंत बघा. इंग्रजीबरोबर मराठी पेपरही मागा, तिकडे कोणी बघितलेलंच नाही. हॉटेल आणि डिस्कोथेकच्या जाहिराती करमणुकीच्या पानावर असतात, शुक्रवार-शनिवारचे अंक आधी घ्या. जाहिरात मिळणं कठीण आहे कारण शो ठरवून झालाच नव्हता, पण दोन-तीन दिवसांनी आलेली चार ओळींची बातमी मिळू शकते. मिळाली तर पानाचा पूर्ण फोटो घ्या, नुसतं कात्रण नको, वरची तारीख आणि पान क्रमांक दिसला पाहिजे.

सांगलीचा_स्लाइड

चालेल, मार्चचे पहिले दोन आठवडेही बघून टाकतो. तिकडे काही नसेल तर तेही इथे लिहितो.